जीप उंच करताना शाफ्टचा कोन विसरू नका

गॅरेजच्या धंद्यात जीप उंच करून देण्याचे काम आता नवे राहिलेले नाही. महिंद्राची जुनी एमएम ५४०, मारुतीची जिप्सी किंवा थार घेऊन तरुण गिऱ्हाईक येते आणि म्हणते, "उस्ताद, गाडी चार इंच उंच करून द्या." कमानीवाला पाटे वाढवतो, मोठे टायर बसतात, गाडी रुबाबदार दिसते आणि मजुरी हाती येते. आठ दिवसांनी तीच गाडी दारात परत उभी! साठ-सत्तरच्या वेगाला खालून घरघर येते, सीट थरथरते. मग टायर बॅलन्स केले जातात, नवा क्रॉस टाकला जातो, शाफ्ट लेथवर जातो. थरथर मात्र जात नाही. मिळालेली मजुरी त्यात जाते आणि गॅरेजचे नावही खराब होते. अशा वेळी दोष पुष्कळदा एकाच ठिकाणी असतो. गाडीची उंची वाढवली, पण प्रॉपेलर शाफ्टचा कोन कोणी मोजला नाही.

क्रॉसचे काम कसे चालते?

ज्याला आपण क्रॉस म्हणतो तो युनिव्हर्सल जॉइंट वाकलेल्या स्थितीतही फिरतो, हा त्याचा गुण. पण त्यात एक खोड आहे. एक बाजू एकसारख्या वेगाने फिरत असली, तरी वाकलेल्या क्रॉसची दुसरी बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे पडते. कोन १० अंश असेल तर हा फरक सुमारे दीड टक्का असतो. २० अंशांवर तो सहा टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे कोन दुप्पट झाला की खोड चौपट होते.

शाफ्टला दोन क्रॉस असतात ते यासाठीच. पुढच्या क्रॉसने केलेली गडबड मागचा क्रॉस उलट बाजूने भरून काढतो. त्याला दोन अटी आहेत. दोन्ही क्रॉसचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका ओळीत हवेत. यातली एक अट मोडली की थरथर सुरू झालीच म्हणून समजा.

सत्तर सेंटिमीटरच्या आसपास व्यासाचे टायर आणि सुमारे चारास एक असे क्राऊन-पिनियन धरले, तर ८० किलोमीटरच्या वेगाला शाफ्ट मिनिटाला अंदाजे २,४०० फेरे घेतो. फेऱ्यामागे दोन झटके धरले तर सेकंदाला ८० झटके झाले. सीटखाली जाणवते ती हीच थरथर.

दोन इंचांनी किती फरक पडतो?

शाफ्ट जवळपास आडवा आहे आणि त्याची लांबी ५०० मिलिमीटर आहे असे धरा. गाडी ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच, उचलली तर शाफ्टचा उतार साडेपाच अंशांहून अधिक वाढतो. शाफ्ट १,००० मिलिमीटरचा असेल तर तेवढ्याच उंचीने तो तीन अंशांच्या आत वाढतो. आखूड शाफ्टच्या गाडीत चार इंच म्हणजे ११ अंशांची वाढ! म्हणून लांब गाडीत चालून गेलेला नुस्खा आखूड जीपमध्ये चालेलच असे नाही.

साध्या क्रॉसचा कोन ३ अंशांपर्यंत असणे उत्तम आणि दोन्ही कोनांतला फरक एका अंशाच्या आत असावा. कोन अगदी शून्यही नको. क्रॉसच्या आतल्या सुया फिरल्या नाहीत तर एकाच जागी खड्डे पाडतात. आखूड गाडीत ३ अंश साधणे नेहमी शक्य नसते. अशा वेळी कोन जितका कमी ठेवता येईल तितका ठेवावा, पण दोन्हीकडे सारखा ठेवावा.

उंची कशाने वाढवावी?

पहिला प्रश्न असा की पाटे बसले आहेत का? पुष्कळ जुन्या गाड्यांना उंच करण्याची गरजच नसते. पाट्यांची कमान सपाट झालेली असते. ती पुन्हा मूळ मापावर आणली की गिऱ्हाईक खूश होते आणि शाफ्टला धक्का लागत नाही.

खरोखर उंची हवीच असेल तर जास्त कमानीचा पूर्ण संच हा पाट्यांच्या गाडीसाठी चांगला मार्ग आहे. लांब शॅकलने काम स्वस्तात होते, पण शॅकल दोन इंच वाढवली तर गाडी एकच इंच उचलली जाते. शिवाय ॲक्सल फिरतो. मागे पिनियनचा कोन बिघडतो आणि पुढे स्टिअरिंगचा कॅस्टर. पाटा आणि ॲक्सल यांमध्ये ठोकळा घालायचा तर तो फक्त मागे आणि एकच घालावा. ठोकळ्यावर ठोकळा कधीही ठेवू नये. पुढच्या ॲक्सलला तर ठोकळा लावूच नये, कारण ब्रेक दाबताच तेथे मोठा पीळ पडतो.

२०१० साली आलेल्या पहिल्या थारला पुढे टॉर्शन बार आहेत. ते आवळून गाडी उचलता येते, पण चाकांकडे जाणाऱ्या हाफ शाफ्टचे कोन वाढतात आणि रबरी बूट फाटतात. २०२० च्या थारला चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग आहेत. तिला पाट्यांचा हिशेब लावू नये. नुसते मोठे टायर बसवायचे असतील तर बॉडी आणि चासी यांमध्ये गुटके घालणे हा आणखी एक मार्ग. त्यात शाफ्टचा कोन बदलत नाही, मात्र स्टिअरिंगचा दांडा, रेडिएटरचे आवरण आणि गिअरचे दांडे तपासावे लागतात.

कोन कसा जुळवावा?

गाडी सपाट फरशीवर चाकांवर उभी करा, जॅकवर टांगून मोजू नका. कोनमापकाने ट्रान्सफर केस, शाफ्ट आणि पिनियन या तिन्हींचा मागच्या बाजूला किती उतार आहे ते लिहून ठेवा. हे माप काम सुरू करण्यापूर्वी घ्यावे आणि काम झाल्यावर पुन्हा घ्यावे.

समजा ट्रान्सफर केसचा उतार ३ अंश, शाफ्टचा ९ आणि पिनियनचा ३ आहे. दोन्ही क्रॉसचे कोन ६ अंश आले. कोन मोठे आहेत, पण जोडी जुळली. आता पाटे बदलताना पिनियन फिरून त्याचा उतार शून्य झाला, तर मागचा कोन ९ होतो. पुढे ६, मागे ९, म्हणजे घरघर ठरलेली. अशा वेळी पाटा आणि ॲक्सल यांमध्ये पोलादी पाचर घालून पिनियन पुन्हा ३ अंशांवर आणावा.

कोन फारच मोठे झाले असतील तर ट्रान्सफर केस थोडी खाली घेता येते किंवा तिच्या टोकाला दुहेरी क्रॉसचा शाफ्ट लावता येतो. दुहेरी क्रॉस लावल्यावर मात्र हिशेब बदलतो. पिनियनचे तोंड थेट शाफ्टच्या दिशेने ठेवावे, एक-दोन अंश खाली. जोर लागला की पाटे पिळतात आणि पिनियन आपोआप वर येतो.

आणखी एक गोष्ट शागीर्दांना सांगून ठेवा. शाफ्टची स्लीव्ह काढण्यापूर्वी दोन्ही भागांवर खूण करा. एक दात चुकला तरी योक ओळीतून जातात आणि नव्या क्रॉसनेही थरथर थांबत नाही. शेवटी ॲक्सल पूर्ण खाली लोंबकळू देऊन पाहा. स्लीव्ह पुरेशी आत आहे का? ब्रेकचे होज ताणले जात नाहीत ना? शॉक अब्सॉर्बर तोकडे पडत नाहीत ना? वेगात स्लीव्ह निसटली किंवा क्रॉस तुटला तर शाफ्ट रस्त्यावर आपटतो. मग प्रश्न मजुरीचा राहत नाही, जिवाचा होतो.

गिऱ्हाइकाला आधी सांगा

उंच गाडी वळणावर उलटण्याचा धोका वाढतो, हे काम घेतानाच सांगावे. कायदाही सांगावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. अपघातानंतर विमा कंपनीही हरकत घेऊ शकते. म्हणून रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचे काम असेल तर आधी आरटीओकडे विचारणा करायला लावावी. बसलेले पाटे मूळ मापावर आणणे ही मात्र साधी दुरुस्ती आहे.

चार इंच मागणाऱ्या गिऱ्हाइकाला "तुमचे काम दीड इंचात होते" असे सांगितले तर आजची मजुरी थोडी कमी मिळेल. पण ती गाडी तक्रार घेऊन परत येणार नाही, आणि तिचा मालक दुसरे गिऱ्हाईक घेऊन येईल.