बदललेल्या दाराची वायरिंग
गाडीला दुसरं दार बसवलं की वायरी बहुधा पिळून, वर काळी टेप गुंडाळून जोडल्या जातात. काच खाली-वर झाली की काम झालं असं वाटतं. पण दार आतून कोरडं नसतं. काचेच्या पट्टीतून पाणी आत उतरतं आणि तळाच्या भोकांतून निथळतं. टेपचा गोंद सुटतो, तांबं हिरवं पडतं, जोडाचा विद्युतरोध वाढतो. तो ०.१ ओहम झाला आणि काचेच्या मोटरने १० अँपिअर ओढले, तर त्या टिचभर जागेत १० वॅट उष्णता निर्माण होते. म्हणून रबरी सीलचा वॉटरप्रूफ कनेक्टरच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

सोल्डर जास्त पक्कं, असं कुणी म्हणेल. पण वितळलेलं सोल्डर वायरच्या बारीक तारांमध्ये शिरून ती ताठ करतं, आणि बिजागरीपाशी रोज वाकणारी वायर त्या ताठ भागाच्या कडेलाच तुटते. मापाच्या क्रिंपिंग प्लायरने दाबलेल्या टर्मिनलमध्ये हा प्रश्न येत नाही. टर्मिनलच्या दोन्ही बाजूंना मुलामा मात्र एकच हवा, कथिलाला कथील, सोन्याला सोनं. बेमेळ जोडी हादऱ्यांनी घासून लवकर गंजते. खर्च वाढतो, हे खरं. तरी काही गाड्यांत एअरबॅगच्या सेन्सरची वायरही याच दारातून जाते, आणि तिथे टेपवर विसंबणं मला मान्य नाही.