पदरमोडीचे चित्रपट

१९१२ सालची गोष्ट. मुंबईत एका गृहस्थाने कुंडीत वाटाणा पेरला आणि कुंडीसमोर कॅमेरा मांडला. दाणा रुजला, अंकुर वर आला, पाने फुटली, वेल पसरला; आणि हा गृहस्थ एकेक चित्र टिपत राहिला. पुढे ती सारी चित्रे ओळीने पडद्यावर सोडली, तेव्हा कित्येक दिवसांची ती वाढ पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत काही क्षणांत घडली. हे गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके. आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते विलायतेला गेले होते, कॅमेरा घेऊन आले होते, पण चित्रपट काढावयास भांडवल कोण देणार? ‘या यंत्रातून काय निघते ते पाहा’ असे सांगण्यासाठी त्यांनी हा वाटाणा वाढवला. पैसा मिळाला, तरी पुरला नाही. तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने कामी आले. सरस्वतीबाईंनी साऱ्या कंपनीचा स्वयंपाक तर केलाच, शिवाय रात्री बसून कोऱ्या फितीला कडेने भोके पाडण्याचे किचकट कामही केले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला.

स्वतःच्या पदराला खार लावून चित्रपट काढणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे तेव्हापासूनची आहे. आज अशांना स्वतंत्र चित्रपटकार म्हणतात. स्वतंत्र कशापासून, तर धंद्यातल्या सावकारापासून. धंद्याचा चित्रपट निघतो तेव्हा पैसे लावणारा वेगळा असतो, गावोगावी चित्रपट पोहोचवणारा वितरक वेगळा असतो, आणि दोघेही आधीच बजावतात, अमुक नट घ्या, तमुक इतकी गाणी घाला. यात सगळेच वाईट असते असे नाही; पुष्कळ चांगले चित्रपट असेच झाले आहेत. पण ज्याला हे मान्य नाही त्याला ना सावकार मिळतो, ना वितरक. मग तो आपला चित्रपट महोत्सवात नेतो. कृषिप्रदर्शनात आपण उमदा खोंड घेऊन जातो ना, तसेच हे. देशोदेशीचे जाणकार तेथे येतात, परीक्षक बक्षीस देतात, आणि घेणारा असला तर तोही तेथेच भेटतो. खेळ संपला की पुष्कळ ठिकाणी दिग्दर्शकाला पडद्यासमोर उभे करतात आणि प्रेक्षक प्रश्न विचारतात. त्यांत एक प्रश्न हमखास असतो, हा तुम्ही केलात कसा आणि पैसा आणलात कोठून?

या प्रश्नाचे सर्वांत विलक्षण उत्तर ‘पथेर पांचाली’चे आहे. ते जरा सविस्तर सांगतो.

सत्यजित राय कलकत्त्यात एका जाहिरात कंपनीत चित्रकार होते. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या या कादंबरीच्या मुलांसाठी केलेल्या आवृत्तीला त्यांनी चित्रे काढली, तेव्हापासून अपू आणि दुर्गा ही भावंडे त्यांच्या डोक्यात बसली. १९५० साली नोकरीच्या कामाने लंडनला गेले असता त्यांनी ‘बायसिकल थीव्हज’ हा इटालियन चित्रपट पाहिला. गरीब माणूस, त्याची चोरीला गेलेली सायकल आणि रस्त्यावरचे खरे शहर, एवढ्यावर चित्रपट उभा राहू शकतो हे त्यांनी तेथे पाहिले. परत येऊन निर्मात्यांचे उंबरठे झिजवले. हातात रीतसर पटकथा नव्हती, चित्रांनी भरलेली एक वही होती. गाणी नाहीत, नावाजलेले नट नाहीत, दिग्दर्शक नवखा. कोणी उभे करीना. तेव्हा त्यांनीही विम्यावर कर्ज काढले आणि २७ ऑक्टोबर १९५२ रोजी कामाला हात घातला. छायाचित्रण ज्याच्याकडे सोपवले त्या सुब्रत मित्र या एकवीस-बावीस वर्षांच्या तरुणाने चित्रपटाचा कॅमेरा तोवर चालवलेला नव्हता. नोकरी सुटलेली नव्हती, म्हणून शूटिंग सुटीच्या दिवशी.

पहिलाच प्रसंग असा होता की अपू आणि दुर्गा उंच, पांढऱ्या तुऱ्यांच्या गवतातून जातात आणि आयुष्यात प्रथमच आगगाडी पाहतात. बंगालीत या गवताला काश म्हणतात. ते शरदात फुलते. पहिल्या दिवशी निम्मे काम झाले. पुढच्या रविवारी मंडळी परत गेली, तर शेतात तुरा शिल्लक नाही! मधल्या दिवसांत गुरांनी सारे चरून टाकले होते. शेतकरी माणसाला यात नवल वाटणार नाही, गुराला कोठे ठाऊक की येथे चित्रपट चालला आहे? मोठा निर्माता असता तर त्याने दुसरीकडचे रान गाठले असते, फार तर कागदाचे तुरे लावले असते. राय वर्षभर थांबले. पुढच्या शरदात तुरे पुन्हा आले तेव्हा तो प्रसंग पुरा झाला.

पण थांबणे काही फुकट नसते. पैसे संपले. रायांनी आपल्या संग्रहातल्या ध्वनिमुद्रिका विकल्या, पत्नी विजया राय यांचे दागिने गहाण पडले. या पदरमोडीच्या कथांत पदर बहुतेक वेळा बायकोचाच असतो, आणि श्रेयनामावलीत तिचे नाव शोधावे लागते, एवढे येथे नमूद करून पुढे जातो. अखेर काम कित्येक महिने बंदच पडले. आणि मुलांचे काय? मुलगा त्या वयात बघता बघता वाढतो. पुढे राय सांगत, तीन गोष्टींनी हा चित्रपट वाचवला. अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा मोठी दिसू लागली नाही, आणि म्हातारी इंदिर आत्या झालेल्या चुनीबाला देवी हयात राहिल्या. रंगभूमीवरच्या या जुन्या नटीचे वय ऐंशीच्या घरात होते. चित्रपट लोकांसमोर येण्यापूर्वीच त्या वारल्या. मिठाई विकणारा आणि घरातला कुत्रा यांनी मात्र दगा दिला. दोघेही मध्येच मरण पावले. म्हणून मिठाईवाला समोरून येताना एक माणूस आहे आणि पाठमोरा जाताना दुसरा. प्रेक्षकांच्या ध्यानातही येत नाही.

शेवटी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी सरकारी पैसा दिला. ‘पथेर पांचाली’ म्हणजे वाटेचे गाणे. नावात वाट आहे म्हणून तो खर्च रस्तेसुधारणेच्या खात्यावर टाकला गेला! सरकारी पैसा म्हणजे हप्ते, हिशेब आणि आधीचा हिशेब मंजूर झाल्यावर पुढचा हप्ता. त्यामुळे पावसाळा हातचा गेला. दुर्गा ज्या पावसात भिजते तो प्रसंग ऑक्टोबरात घ्यावा लागला. रोज मंडळी जाऊन निळ्या आभाळाकडे डोळे लावून बसत. एके दिवशी खरोखरच पाऊस आला. त्या गार सरींत मुले कुडकुडली ती अभिनय म्हणून नव्हे. नंतर त्यांना दुधात थोडी ब्रँडी घालून पाजावी लागली. रविशंकरांनी याचे संगीत जवळजवळ एका रात्रीच्या बैठकीत दिले, कारण दोघांच्या वेळा जुळल्या तेवढ्याच.

चित्रपट ३ मे १९५५ रोजी न्यू यॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात प्रथम दाखवला गेला आणि ऑगस्टमध्ये कलकत्त्यात लागला. १९५६ साली फ्रान्समधल्या कानच्या महोत्सवात पहिला खेळ फारच थोड्यांनी पाहिला. काही समीक्षकांनी हट्ट धरला म्हणून तो पुन्हा दाखवला, आणि मग त्याला उत्कृष्ट मानवी दस्तऐवजाचे पारितोषिक मिळाले.

आता दुसरी तऱ्हा. गुजरातच्या सहकारी दुग्धचळवळीवर चित्रपट काढावा असे श्याम बेनेगल यांच्या मनात होते. त्यासाठी सुमारे दहा लाख रुपये हवे होते. चळवळीचे प्रमुख डॉ. वर्गीस कुरियन यांनी हिशेब मांडला, पाच लाख दूधउत्पादक आहेत, प्रत्येकाने दुधाच्या पैशांतून एकदाच दोन रुपये सोडले तर? लोकांनी सोडले. १९७६ सालच्या ‘मंथन’ची ही कथा. विजय तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली, बिंदू नावाच्या गवळणीचे काम स्मिता पाटील यांनी केले आणि राजकोटजवळच्या एका खेड्यात त्याचे चित्रीकरण झाले. चित्रपट लागला तेव्हा निर्माते स्वतःच ट्रक भरभरून आपला चित्रपट पाहायला आले! पुढे त्याच्या लहान फितीच्या प्रती काढून इतर प्रांतांतल्या खेड्यांत दाखवल्या गेल्या, सहकारी सोसायटी कशी उभी राहते हे समजावे म्हणून.

माझ्या मते यातली मोठी गोष्ट दोन रुपयांची नव्हे. पैसा सोसायटीचा, म्हणजे चित्रपटात सोसायटीची आरतीच ओवाळली असेल असे कोणालाही वाटेल. पण ‘मंथन’मध्ये जातीची भिंत आहे, सरपंचाची मुजोरी आहे, बाहेरून आलेल्या शिकलेल्या डॉक्टरच्या चुका आहेत आणि शेवटी त्याला गाव सोडून जावे लागते, हेही आहे. पाच लाख मालकांपैकी एकटा कोणी ‘हे काढून टाका’ म्हणू शकत नव्हता, हे त्यामागे असेल का? बेनेगल आणि कुरियन यांचे धैर्यही त्यात आहेच. २०२४ साली जुनी फीत दुरुस्त करून ‘मंथन’ कानच्या महोत्सवात पुन्हा दाखवला गेला.

तिसरी हकीकत अलीकडची. आसामातल्या छयगावची रीमा दास नटी व्हायला मुंबईस आली होती. चित्रपटाचे शिक्षण तिने कोठल्या शाळेत घेतले नव्हते. गावाकडे एक चित्रपट करीत असताना तिला काही मुले दिसली. ती थर्मोकोलची खोटी वाद्ये घेऊन बँड वाजवीत होती. त्यातून ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ झाला. गिटार हवी असणारी धुनू नावाची मुलगी आणि तिची विधवा आई, एवढीच गोष्ट. लेखन, दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन, निर्मिती, सारे रीमाचेच. नट म्हणजे गावातली मुले. छायाचित्रे काढण्याच्या साध्या कॅमेऱ्यावर, दिवे न लावता, सूर्यप्रकाशावर काम चालले, तेही तीन-साडेतीन वर्षे. म्हणून त्यातले ऋतू खरे आहेत आणि धुनूही डोळ्यांसमोर वाढते. रायांना जी भीती होती तीच येथे कथेच्या कामी आली. यंत्र बदलले, हे त्याचे कारण. रायांच्या काळी कॅमेरा चालू झाला की महागड्या फितीचा गजागणिक पैसा जाई. आता चित्रे कार्डावर उतरतात, नको ती पुसता येतात, मुले कंटाळली तर उद्या या म्हणता येते. तरी त्या साडेतीन वर्षांचा चरितार्थ कार्डावर उतरत नाही, तो ज्याचा त्यालाच सोसावा लागतो. २०१७ साली हा चित्रपट कॅनडातल्या टोरांटोच्या महोत्सवात गेला आणि त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. धुनू झालेल्या भनिता दासला बालकलाकाराचा.

शिक्षकांसाठी आता थोडे. फाळक्यांचा वाटाणा शाळेत सहज करता येतो. कुंडी एका जागी, मोबाइल फोन विटांवर पक्का टेकवून एका जागी, आणि मधल्या दिवसांत दोन्ही तसूभर हलू द्यायचे नाही. उजेड एकसारखा हवा, म्हणून खोलीच्या आत, खिडकीपाशी. चित्रपटात एका सेकंदाला चोवीस चित्रे लागतात. दर तासाला एक चित्र घेतले तर एका अहोरात्रीचा एक सेकंद होतो, म्हणजे महिनाभराचा अर्धा मिनिट. रात्री कोण उठणार? दिवसा शाळेच्या सहा तासांत दर पंधरा मिनिटांनी एक घ्यावे, चोवीस भरतात. मुलांच्या पाळ्या लावाव्या, वहीत वेळ लिहून ठेवावी. आणि कुंडी उंचावर ठेवावी. शेळ्या शाळेच्या आवारातही येतात.