दारूविना बंदूक

जत्रेत फुगे फोडायला जी बंदूक हाती येते, तिच्यात दारू नसते. नळी मोडून वाकवली की आतली स्प्रिंग दबते. चाप ओढला की दट्ट्या पुढे धावतो आणि दाबलेली हवा छर्‍याला ढकलते.

छंद म्हणून ती घेणारा आधी जास्त जोराची स्प्रिंग शोधतो. पण जोराबरोबर धक्काही वाढतो आणि छर्रा नळीत असतानाच बंदूक हलते. बंदूक ‘लावणं’ म्हणजे तिला दर वेळी सारखंच वागायला लावणं. एकाच वजनाचे छर्रे, घट्ट आवळलेले स्क्रू, न अडखळणारा चाप, एवढ्यानं बरंच साधतं. छर्‍याविना चाप मात्र ओढू नये. हवेची गादी उरत नाही, दट्ट्या थेट आदळतो. त्याच्यापुढे तेलही सोडू नये. दाबानं तापलेल्या हवेत ते पेटतं.

२०१६च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलपर्यंतच्या बंदुकीला परवाना लागत नाही. म्हणून ती खेळणं ठरत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्राही डोळा घेऊन जातो. तेव्हा छर्रे विकत घेण्याआधी चष्मा घ्यावा, आणि नेमामागे भक्कम आडोसा उभारावा.