पातालकोटात पाहुणे म्हणून

आमच्या पांढुर्णा-सौंसरकडे कुठे फिरायला जायचे ठरले की चिखलदरा नाहीतर पचमढी हीच नावे आधी निघतात. पातालकोट मात्र यादीत खाली राहतो. वास्तविक 2023 च्या ऑक्टोबरात पांढुर्णा जिल्हा वेगळा होईपर्यंत ही दरी आपल्याच छिंदवाडा जिल्ह्यातली होती. भोवतीच्या कड्यांपासून सुमारे 1,200 ते 1,500 फूट खोल, घोड्याच्या नालेच्या आकाराची, जवळपास 79 चौरस किलोमीटर पसरलेली. आणि तिच्या पोटात भारिया व गोंड कुटुंबांची बारा गावे. चिमटीपूर, रातेड, गैलडुब्बा, घटलिंगा ही त्यांतली काही. तिथे जायचा बेत आखताना सगळ्यात आधी हेच लक्षात घ्यावे की हे लोकांचे राहते घर आहे.

रस्ता सरळ आहे. सौंसरजवळ जामसावळीला पहुडलेल्या हनुमंताचे दर्शन घ्यावे, रामाकोना, सिलेवानीचा घाट करत छिंदवाडा गाठावे. तिथून तामियामार्गे पातालकोट सुमारे 78 किलोमीटर. या प्रवासात एक मोठी गोष्ट नकळत घडते. पांढुर्ण्याची जाम नदी कन्हानला मिळते आणि ते पाणी वैनगंगेतून शेवटी गोदावरीला जाते. पातालकोटातली दूधी मात्र उत्तरेला वळून नर्मदेत उतरते. म्हणजे एका दिवसाच्या वाटेत आपण बंगालच्या उपसागराचे पाणी मागे टाकून अरबी समुद्राच्या पाण्यापाशी येतो, आणि मधला पाणलोटाचा माथा कधी ओलांडला ते गाडीत बसून कळतही नाही.

सातपुड्याचा हा भाग गोंडवन खडकांचा आहे. यातल्या एका थराला बिजोरी गावाचे नाव मिळाले आहे. सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा तो थर. त्यात सापडलेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याचे शास्त्रीय नावही बिजोरीवरूनच पडले. डायनोसॉर पृथ्वीवर यायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. कड्यावर उभे राहून खाली पाहताना हा काळ मनात धरला तर दरीची खोली नुसती फुटांत मोजता येत नाही.

कड्यांच्या उंचीमुळे तळातल्या काही वस्त्यांवर ऊन उशिरा उतरते आणि लवकर सरते. रावणाचा मुलगा मेघनाद शिवाची पूजा करून इथूनच पाताळात गेला, अशी कथा सांगतात. नागपूरकर भोसल्यांशीही या दरीच्या दंतकथा जोडल्या आहेत. पण भारियांचे जगणे कथेपेक्षा मोलाचे आहे. मका, कोदो, कुटकी ही त्यांची पिके; मोह, चारोळी, हिरडा, बेहडा, मध हे रानाचे देणे. आजाऱ्याला औषध देणारा आणि देवाचे करणारा भूमका गावात मानाचा. कोणते मूळ कधी खणायचे आणि किती मागे ठेवायचे हे ज्ञान त्याच्याकडे पिढ्यांनी आलेले. 1978 मध्ये सरकारने पातालकोटासाठी वेगळे विकास अभिकरण नेमले, तेव्हा खाली जायला बहुतेक ठिकाणी नुसत्या पायवाटाच होत्या. 2019 मध्ये ही दरी जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. क्षेत्र सुमारे 8,367 हेक्टर. वनहक्क कायद्याखाली भारियांचा या अधिवासावरचा सामूहिक हक्कही मान्य झाला आहे.

अशीच एक वस्ती असलेली दरी अमेरिकेत, अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात आहे: कॅन्यन डी शे. तिच्या लाल भिंती काही ठिकाणी हजार फुटांच्या घरात जातात. तळाशी आजही नवाहो आदिवासी कुटुंबे शेती करतात, मेंढरे राखतात. 1864 मध्ये अमेरिकी सैन्यातल्या किट कार्सनच्या सैनिकांनी त्यांची घरे जाळली, पीचच्या बागा तोडल्या आणि माणसांना शेकडो मैल पायी चालवत हद्दपार केले. चार वर्षांनी, 1868 च्या तहानंतर, ते परतले. 1931 मध्ये ती दरी राष्ट्रीय स्मारक झाली, पण जमीन नवाहोंचीच राहिली. म्हणून कड्यावरून कोणीही पाहावे. तळात उतरायचे तर सोबत नवाहो वाटाड्या हवा. घरांचे किंवा माणसांचे छायाचित्र विचारल्याशिवाय काढायचे नाही.

हा नियम पातालकोटालाही लागू व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते. तामिया अनुसूचित क्षेत्रात येते. अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारे मध्य प्रदेशाचे पेसा नियम 2022 पासून लागू आहेत. ग्रामसभेने ठरवले तर वाटाड्याचे मानधन, मुक्कामाची सोय, कोणत्या झऱ्यावर बाहेरच्यांनी जाऊ नये, हे सगळे गावच सांगू शकेल. तोवर पाहुण्याने स्वतःहून तसे वागावे. दरीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न पातालकोटात सुटला आहे. आपण त्याचा मान राखायचा एवढेच.

जायचे दिवस ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात कडे हिरवेगार दिसतात खरे, पण उतार निसरडे होतात. आधी छिंदवाड्याचे बादल भोई आदिवासी संग्रहालय पाहावे. 1954 मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात भारिया, गोंड, कोरकू यांच्या वस्तू पाहिल्या की खाली गेल्यावर प्रश्न शहाणे पडतात. मुक्काम तामियाला ठेवावा आणि सकाळी लवकर निघावे, म्हणजे चढून वर यायला उजेड पुरतो. प्यायचे पाणी आपले न्यावे, प्लास्टिक परत आणावे, सुटे पैसे जवळ ठेवावेत. चिमटीपूर किंवा रातेडला पोचल्यावर गावातल्याच एखाद्या दादाला सोबत चलायची विनंती करावी आणि त्याचे पैसे आधी ठरवावेत. अंगणात पाय ठेवण्याआधी हाक द्यावी. मुळ्या-पाने उपटू नयेत. औषधासाठी बाहेरच्या माणसांनी रान ओरबाडणे हा इथला खरा धोका आहे.

चारोळी किंवा मध घ्यायचा असेल तर छिंदवाड्याच्या बाजारात भाव विचारून ठेवावा. पूर्वी व्यापारी मिठाच्या बदल्यात चारोळी उचलून नेत. तुम्ही बाजारभावानेच घ्या, घासाघीस न करता.