कोसळलेल्या प्रोग्रॅमचा पंचनामा

लिनक्सवर चालणारा प्रोग्रॅम आपल्या वाट्याला न आलेल्या मेमरीत हात घालतो, तेव्हा कर्नेल ११ क्रमांकाचा सिग्नल पाठवून बहुधा त्याला तिथेच संपवतो. पडद्यावर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढंच उमटतं. पण त्याच वेळी प्रोग्रॅमच्या मेमरीत काय काय होतं, हे कर्नेल एका फाइलमध्ये उतरवून ठेवू शकतो. अपघाताच्या जागी होणाऱ्या पंचनाम्यासारखी ही कोअर फाइल. जीडीबी या डीबगरमध्ये ती उघडून ‘बीटी’ म्हटलं, की कुठल्या फंक्शनने कुठल्या फंक्शनला बोलावलं होतं, ती साखळी, म्हणजे बॅकट्रेस, उलट्या क्रमाने समोर येते. क्वचित, तेही ग्राहकाच्या सर्व्हरवर पहाटे होणारा बिघाड आपल्या मशीनवर पुन्हा घडवता येत नाही. तिथे हाताशी असतो तो हाच पुरावा.

तरीही अनेक ठिकाणी हा पुरावा गोळाच होत नाही, कारण कोअर फाइलच्या आकाराची मर्यादा शून्य ठेवलेली असते. ‘युलिमिट’ या आज्ञेने ती वाढवता येते, फाइल कुठे जाणार हे मात्र कर्नेलची ‘कोअर पॅटर्न’ ही सेटिंग ठरवते. ही सेटिंग अख्ख्या मशीनसाठी एकच असते, त्यामुळे फाइल कंटेनरबाहेरही जाऊ शकते. कंटेनरमध्ये कोसळलेल्या प्रोग्रॅमची फाइल कंटेनरमध्येच शोधत बसणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

उलट टोकाची चूकही होते. काही जीबी मेमरी वापरणारी सेवा कोसळते, आपोआप पुन्हा सुरू होते, पुन्हा कोसळते. दर वेळी नवी कोअर फाइल पडते आणि डिस्क भरून शेजारचा डेटाबेसही थांबतो. म्हणून कोअर फाइली सांभाळणाऱ्या सिस्टिमडी-कोअरडंप या साधनाची शिस्त मला पटते. ते फाइल दाबून लहान करतं, सहसा डिस्कच्या १० टक्क्यांपलीकडे जात नाही आणि जुन्या फाइली काढून टाकतं.

मात्र नुसती फाइल जपून भागत नाही. प्रत्येक रिलीजची डीबग चिन्हं त्याच बिल्डशी जुळणारी हवीत. नाहीतर जीडीबी फंक्शनच्या नावाऐवजी नुसते पत्ते दाखवतो. रिलीज करताना ती साठवायला वेगळा खर्च असा जवळपास नसतोच, आणि तरीही हीच गोष्ट सर्वाधिक राहून जाते.

मेमरीत पासवर्ड, किल्ल्या, ग्राहकांची माहितीही असते, आणि तीही फाइलमध्ये उतरते. मे २०२५मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी उबुंटूचं क्रॅश नोंदवणारं साधन अपोर्ट आणि सिस्टिमडी-कोअरडंप या दोन्हींतले दोष उघड केले. विशेषाधिकार असलेला प्रोग्रॅम मुद्दाम कोसळवायचा आणि त्याच क्रमांकाची दुसरी प्रक्रिया चपळाईने त्याच्या जागी उभी करायची. मग साध्या वापरकर्त्यालाही ती कोअर फाइल वाचता येत होती. पासवर्डचे हॅश असे मिळवून त्यांनी दाखवले.

म्हणून बग नोंदवताना अख्खी कोअर फाइल जोडू नये, फक्त बॅकट्रेस द्यावा. संवेदनशील मेमरी डंपमधून वगळण्याची सोय कर्नेलमध्ये ३.४ आवृत्तीपासून आहे. सिस्टिमडी-कोअरडंपमध्ये साठवण बंद ठेवली, तर फाइल उरत नाही, पण कोसळल्याची नोंद सिस्टिमडीच्या जर्नलमध्ये राहते.