शिकवणारे हात थांबले तेव्हा

दंतवैद्यक शिकवणाऱ्या शिक्षकाचे अर्धे काम बोलून होते आणि अर्धे हाताने. दाढेची रचना फळ्यावर समजावता येते. पण ड्रिल किती हलक्या हाताने धरायचे, कीड कुठे संपते आणि चांगला दात कुठे सुरू होतो, हे विद्यार्थ्याच्या खांद्याजवळ उभे राहून, रुग्णाच्या उघड्या तोंडात पाहतच शिकवावे लागते. मार्च २०२० मध्ये हे जवळ उभे राहणेच धोक्याचे ठरले.

कोरोनाची चर्चा आता घराघरांतून जवळजवळ संपली आहे. दंत महाविद्यालयांतील शिक्षकांच्या मनावर त्या दोन वर्षांनी काय ओझे टाकले, याबद्दल मात्र फारसे बोलले गेले नाही. हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. आपल्या समाजातील अनेक मुलेमुली आज बी.डी.एस. करतात. पुण्याच्या आझम कॅम्पसमधील रंगूनवाला दंत महाविद्यालयासारखी संस्था समाजाच्याच प्रयत्नांतून उभी राहिली. तेथे आणि अशा इतर महाविद्यालयांत शिकवणारे कुणाचे तरी अब्बू, कुणाची तरी अम्मी, कुणाची सून आहेत.

धोका कुठे होता?

दात कोरण्याचे यंत्र मिनिटाला तीन लाखांहून अधिक फेरे घेते. ते तापू नये म्हणून त्यातून पाण्याचा फवारा सुटतो. हे पाणी रुग्णाच्या लाळेत मिसळते आणि त्याचे बारीक तुषार हवेत पसरतात. शिवाय दातांच्या रुग्णाला मास्क लावून ठेवता येत नाही. त्यामुळे महामारीच्या सुरुवातीलाच दंतवैद्यक हे सर्वाधिक धोक्याच्या व्यवसायांत गणले गेले. २५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाऊन सुरू झाला आणि दातांवरील उपचार तातडीच्या रुग्णांपुरते उरले.

खासगी दवाखान्यात सहसा एक-दोन खुर्च्या असतात. महाविद्यालयाच्या एका दालनात रांगेने कितीतरी. प्रत्येक खुर्चीत रुग्ण, शेजारी विद्यार्थी आणि या रांगेतून फिरणारा शिक्षक. रुग्णाला संसर्ग होऊ नये, विद्यार्थ्याला होऊ नये आणि आपल्यामार्फत तो घरी जाऊ नये, या तिन्ही जबाबदाऱ्या त्याच्याच शिरावर. दुसऱ्याचे मूल ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे, असे मानणाऱ्या माणसाला हे ओझे अधिकच जड वाटते.

मनावरचा ताण

पहिली भीती घराची होती. घरात वृद्ध आई-वडील, लहान मुले. ड्यूटीवरून आल्यावर दारातच कपडे बदलायचे, वेगळ्या खोलीत झोपायचे, धावत येणाऱ्या मुलाला लांबूनच थांबवायचे. अनेक ठिकाणी दंतवैद्यांना स्वॅब घेण्यासाठी आणि कोविड केंद्रांवरही पाठवण्यात आले.

दुसरी चिंता विद्यार्थ्यांची. बी.डी.एस.ची चार वर्षे आणि नंतर एक वर्ष इंटर्नशिप, यात ठरावीक संख्येने रुग्णांवर प्रत्यक्ष काम करावे लागते. रुग्णच येईनासे झाले तेव्हा हाताला सराव कसा मिळणार? शिक्षक मोबाइल आणि लॅपटॉपवरून शिकवू लागले. समोर चेहऱ्यांऐवजी नावांच्या काळ्या चौकटी. कोण ऐकतोय, कोण झोपलाय, कोणाच्या घरी मय्यत झाली आहे, काही कळायला मार्ग नाही. ‘आपण अर्धवट शिकलेले डॉक्टर समाजात पाठवतोय का?’ हा प्रश्न प्रामाणिक शिक्षकाला झोपू देत नव्हता.

तिसरी चिंता पैशाची. काही खासगी महाविद्यालयांत पगार कापले गेले किंवा लांबले. अनेक शिक्षक संध्याकाळी स्वतःचा दवाखाना चालवतात, तोही बंद. दवाखान्याचे भाडे आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच.

शिकवणाऱ्या महिलांची ओढाताण वेगळी होती. २५ एप्रिल २०२० ला रमजान सुरू झाला. मशिदी बंद, तरावीह घरातच. पहाटे सहरी, मग ऑनलाइन तास, त्याच वेळी मुलांची ऑनलाइन शाळा, दुपारनंतर इफ्तारची तयारी. पुढे प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर रोजा धरून तासन् तास पीपीई किटमध्ये घामाघूम उभे राहणे आले.

दाढी राखणाऱ्यांपुढे आणखी एक पेच होता. एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो आणि दाढीमुळे फट राहते. ब्रिटनमधील शीख दंतवैद्यांनी दाढीवर रबरी पट्टी बांधून त्यावर मास्क घालण्याची ‘सिंग ठाठा’ ही रीत काढली. तिची चाचणीही घेतली गेली. श्रद्धा आणि सुरक्षितता यांचा मेळ घालणारा मार्ग शोधला तर सापडतो, हे त्यातून दिसले.

वागणे कसे बदलले?

काही बदल हिताचे ठरले. उपचारापूर्वी रुग्णाला जंतुनाशक गुळण्या, दाताभोवती रबरी पडदा, तुषार ओढून घेणारी जोरदार सक्शन, खेळती हवा, दोन रुग्णांच्या मध्ये मोकळा वेळ आणि साध्या तक्रारींसाठी आधी फोनवर सल्ला. या सवयी कोरोनापलीकडे इतर संसर्गांपासूनही वाचवतात.

काही बदल मात्र त्रासाचे होते. हाताची कातडी सोलवटेपर्यंत धुणे, पुन्हा पुन्हा ताप मोजणे, झोप उडणे, क्षुल्लक कारणावरून विद्यार्थ्यांवर किंवा घरच्यांवर चिडणे, रुग्णाजवळ जायची टाळाटाळ. धोका कमी झाल्यावरही हे टिकले, तर ती सावधगिरी राहत नाही, मनाचा आजार होऊ शकतो. तणाव दातांवरही उतरतो. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०२१ मधील पाहणीत दहापैकी सुमारे सात दंतवैद्यांनी सांगितले की, दात आवळणारे आणि खाणारे रुग्ण वाढले आहेत. सकाळी जबडा दुखत असेल, दातांच्या कडा झिजत असतील, तर झोपेत दात खाल्ले जात आहेत का, हे तपासून घ्यावे.

काळ्या बुरशीचे दिवस

२०२१ चा रमजान दुसऱ्या लाटेत आला. पाठोपाठ म्युकरमायकोसिस म्हणजे काळी बुरशी आली. महाराष्ट्राला तिचा मोठा फटका बसला. मधुमेह असलेल्या आणि कोविडमध्ये स्टेरॉइड दिलेल्या रुग्णांना धोका अधिक होता. अनेकांचा वरचा जबडा, टाळूसह, काढावा लागला. मुखशल्यचिकित्सा विभागांतील शिक्षक या शस्त्रक्रियांत उतरले. कृत्रिम दंत विभागांतील शिक्षकांनी टाळूतील भोक झाकणाऱ्या प्लेट बनवल्या. अशी प्लेट बसली की नाकातून येणारे पाणी थांबते आणि रुग्णाचे बोलणे पुन्हा समजू लागते. तरुण माणसाचा अर्धा चेहरा गेलेला पाहणे मन पिळवटणारे होते. तरीही पुन्हा कुणाच्या तरी उपयोगी पडत आहोत, ही जाणीव थकलेल्या मनाला आधारही देते.

सबर म्हणजे गप्प बसणे नव्हे

आपल्याकडे ताणाबद्दल बोलले की, ‘ईमान कमजोर आहे, नमाज वाढवा’ असे चटकन सांगितले जाते. नमाज आणि दुआ मनाला बळ देतात, यात शंका नाही. पण हजरत याकूब (अलै.) यांची आठवण ठेवावी. ते सबर करणारे पैगंबर होते आणि पुत्र यूसुफ (अलै.) यांच्या विरहात त्यांनी इतके अश्रू ढाळले की डोळे पांढरे पडले. दुःख व्यक्त करणे सबरच्या विरुद्ध नाही.

उपायांचेही तसेच. शाममध्ये अमवासची प्लेग पसरली तेव्हा हजरत उमर (रजि.) सोबत्यांसह अर्ध्या वाटेवरून परत फिरले. खबरदारी घेणे हाही अल्लाहच्या तकदीरचाच भाग आहे, ही त्यांची समज होती. दहाव्या शतकातील विद्वान अबू जैद अल-बल्खी यांनी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्याचा विचार एकाच ग्रंथात केला. शरीरासारखे मनही आजारी पडते आणि त्यावर इलाज असतो, हे त्यांनी हजार वर्षांपूर्वी मांडले. मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्याची लाज मग आपल्याला का वाटावी?

घरच्यांनी काय करावे?

घरातील शिक्षक किंवा डॉक्टर दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास, चिडचिडा किंवा गप्प असेल, झोप-भूक कमी झाली असेल, तर उपदेश न करता आधी ऐकून घ्या. शिकवणाऱ्या सुनेच्या, मुलीच्या घरकामाचा भार खरोखर वाटून घ्या. गरज पडल्यास तज्ज्ञांना दाखवा. सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. जगण्यात अर्थ नाही, असे कुणी बोलू लागला तर त्या दिवसाचीही वाट पाहू नका.

आपल्या संस्थांच्या विश्वस्तांनीही विचार करावा. पगार वेळेवर देणे, आजारपणाची रजा विनासायास देणे आणि महाविद्यालयात समुपदेशक नेमणे यासाठी पुढच्या महामारीची वाट पाहायला नको. आणि विद्यार्थ्यांनो, त्या काळात काळ्या चौकटीसमोर बोलत राहिलेल्या आपल्या शिक्षकांना एकदा फोन करा, खुशाली विचारा.

अल्लाह आपल्या शिक्षकांना आणि सेवा करणाऱ्या सर्व हातांना आरोग्य व मनःशांती देवो, आणि त्या काळात आपल्याला सोडून गेलेल्यांची मगफिरत करो. आमीन.