राउटरचा प्रोसेसर दिवसभर करतो काय?

लातूर रोड जंक्शनवर एखादी मालगाडी न थांबता धडधडत गेलेली आपण पाहिली असेल. गाडी ओढणे हे स्टेशनमास्तरांचे काम नव्हे. ते आत बसून शेजारच्या स्टेशनशी बोलतात, लाइन क्लिअर देतात-घेतात, नोंदी ठेवतात. मोठ्या राउटरमधल्या प्रोसेसरचेही तसेच आहे.

नांदेडहून कुणी मुंबईचे संकेतस्थळ उघडले, की माहितीची पॅकेटे वाटेतल्या अनेक राउटरमधून जातात. ती पुढे ढकलतात खास चिपा. प्रोसेसरला बहुतेकांची खबरही नसते. (घरातल्या लहान राउटरमध्ये मात्र बरेचसे काम एकालाच ओढावे लागते, एकशिक्षकी शाळेसारखे!)

प्रोसेसर सांभाळतो तो रस्त्यांचा नकाशा. 'ओएसपीएफ' नावाच्या पद्धतीत तो साधारणपणे दर 10 सेकंदांनी शेजारच्या राउटरला 'हॅलो' म्हणतो. 40 सेकंद समोरून हॅलो आला नाही, की रस्ता तुटला असे समजून दुसरी वाट शोधतो आणि चिपांना कळवतो. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटूनही कधी कधी आपले इंटरनेट चालू राहते, ते दुसरी वाट असल्यामुळे आणि या हिशेबामुळे.

आता पंचाईत अशी, की प्रोसेसरवरच कामाचा भडिमार झाला तर त्याचा हॅलो वेळेवर जात नाही आणि धडधाकट केबलही शेजाऱ्याला तुटलेली वाटते. म्हणून त्याच्याकडे येणाऱ्या किरकोळ चौकशांवर मर्यादा घातलेली असते.

इथेच पुष्कळांची फसगत होते. लातूरला प्रवेशअर्जांच्या दिवसांत नेट मंदावले, की कुणीतरी जाणकार संगणकावर 'ट्रेसरूट' चालवतो. प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो. दर राउटरला तो एकाने घटतो. शून्य झाला की पॅकेट टाकून पाठवणाऱ्याला तसे कळवायचे असते आणि हे कळवणे बहुधा प्रोसेसरकडे असते. ट्रेसरूट मुद्दाम लहान आकडे घालून वाटेतल्या राउटरांची अशी उत्तरे गोळा करतो. मधल्याच एका ओळीत तारे दिसले, की जाणकार म्हणतात, "बिघाड इथेच!"

पण त्यापुढची ठिकाणे झटपट उत्तर देत असतील, तर तो राउटर बिचारा ठीक आहे. गाड्या जात आहेत, मास्तर कामात आहेत, इतकेच. एखाद्या ओळीपासून थेट शेवटपर्यंत उशीर वाढलेला असेल, तर मात्र शोध तिथून सुरू करावा. तो पहिल्याच ओळीपासून असेल, तर कंपनीला फोन लावण्याआधी आपल्याच वायफायकडे बघावे.